चिंचपाड्याची तिसरी बाटली

चिखले, १६ नोव्हेंबर २०१४

चि. मयूरीस सदूमामाचे आशीर्वाद.

तुझी थर्माकोलची पेटी पोचली. आत तीन रिकाम्या बाटल्या आणि चार पानं सूचना. भाचीकडून मामाला एवढा आहेर आजवर कुणाला आला नसेल.

ताईने तुझ्या नोकरीचं सांगितलं तेव्हा मला आधी खरं वाटेना. जमिनीखालचं बिघडलेलं पाणी आपलं आपण किती वर्षांत सुधारेल, हे सांगायचा पगार मिळतो? मी तीस वर्षं बोअर मारतोय. पाणी किती फुटांवर लागेल ते सांगायचे लोक मला पैसे देतात, आणि ते चुकलं तर शिव्याही देतात. तुला शिव्या द्यायला माणूस त्या वर्षापर्यंत जगायला हवा. धंदा चांगला आहे.

वेवजीच्या पुढे गुजरातच्या सरहद्दीला लागून असलेला तो रंगाचा कारखाना बंद पडून तीन वर्षं झाली. उताराला आपला चिंचपाडा, वीस-बावीस घरं. त्यांच्या हापशाला अजून तोच गोडसर वास आहे, भात शिजवला की पिवळा पडतो. तालुक्याच्या कचेरीने एक दिवसाआड टँकर लावलाय आणि आता कचेरीला तुझ्या कंपनीकडून एवढंच हवंय, की हा टँकर किती वर्षं चालवायचा. खरं ना?

तू म्हणालीस तशा तिन्ही बाटल्या मीच भरल्या. पहिली कारखान्याच्या कुंपणाबाहेरच्या बोअरची, दुसरी मधल्या शेतातली, तिसरी पाड्यातल्या हापशाची. तिन्ही बोअर माझ्याच. फुशारकी नाही मारत, २००९ पर्यंत त्या बाजूच्या खडकाला माझ्याशिवाय दुसऱ्याची गाडी लागलेली नाही. खाली मुरूम आहे की काळा पाषाण, ते मला वर उभं राहून आवाजावरून कळतं.

हापसा शुक्री नावाच्या बाईच्या दारात आहे. मजुरीला जाते, घरी मुलगा लहान्या आणि सून हिरी. बाटली भरताना तिने विचारलं, "शेट, हे कुठे नेतोस?" (तिची बोली मला बोलता येते, लिहिता येत नाही, म्हणून आपल्यात लिहितो.) म्हटलं, पुण्याला, माझ्या भाचीकडे. "आमचं पाणी? पुण्याच्या पोरीला?" असं म्हणून हसली आणि बाटलीचं तोंड पदराने पुसलं.

बर्फ भरून जागा उरली म्हणून वीस चिकू घातलेत. फोन कर म्हणू नकोस. फोनवर तू "हं, हं" करत दुसरंच काहीतरी टाइप करत असतेस, ते ऐकू येतं मला.

सदूमामा

———

पुणे, ३ डिसेंबर २०१४

ती. मामांस सा. न.

चिकू गोड होते. पुन्हा पाठवू नका. नमुन्यांसोबत फळ ठेवायचं नसतं.

आकडे आले. कुंपणाजवळ ४१०, मधल्या शेतात १८०, हापशाला ९०. पिण्याला चालेल अशी मर्यादा ५.

तुमची थट्टा कळली, पण काम खरं आहे. तो कारखाना भांडी आणि यंत्रं धुवायला एक द्रव वापरायचा. पाण्याहून जड, म्हणून खाली जातो आणि खडकाच्या भेगांत बसतो. मातीतले जिवाणू त्याला हळूहळू कुरतडतात, पावसाचं पाणी त्याला पातळ करतं. आपण दर चार महिन्यांनी आकडा बघायचा. तो उतरत गेला, तर त्या उताराची रेघ पुढे ओढून किती वर्षं ते सांगता येतं.

अट एकच. वरून नवीन घाण येणं बंद झालेलं हवं. नाल्यात सोडायचे ते बंद झालं, असं सगळे सांगतात. पण कारखान्याच्या आत कधी बोअर मारली होती का? आत बोअर असेल आणि तिच्यात काही ओतलं असेल, तर माझं गणित पहिल्या ओळीलाच चुकलं. तुम्हाला तिकडचं सगळं ठाऊक असतं म्हणून विचारते.

दुसरं, बाटली भरण्याआधी हापसा अर्धा तास मारायचा. नळीतलं शिळं पाणी निघून गेलं पाहिजे.

मयूरी

———

चिखले, २२ मार्च २०१५

चि. मयूरीस आशीर्वाद.

आत बोअर होती का, हे मी दोघा-चौघांना विचारलं. माझ्या कानावर तरी नाही.

अर्धा तास हापसा मारायला आता माझा खांदा तयार नाही. तिसऱ्या बाटलीचं काम शुक्रीला दिलंय. कुंपणाची आणि शेतातली मी भरतो, तोवर ती आपली भरून ओट्यावर ठेवते. काठोकाठ, आत बुडबुडा नाही, वर ओलं फडकं गुंडाळलेलं. तुझ्या लॅबमध्येही कुणी इतक्या मायेने भरत नसेल.

टँकरवरचं ऐकलेलं सांगतो. काकड्या म्हणून एक म्हातारा आहे, त्याचा हंडा नेहमी शेवटी लागतो. तो ड्रायव्हरला म्हणाला, "तुझा टँकर म्हणजे जावई. आला की सगळे धावतात, आणि येणार कधी ते विचारायची सोय नाही." ड्रायव्हर म्हणाला, "मग पी ना हापशाचं." काकड्या म्हणाला, "ते पाणी सासूचं. गोड लागतं आणि मागाहून कळतं."

हिरीला दिवस गेलेत. शुक्री तिला हापशाला हात लावू देत नाही. मला विचारते, तुझी भाची काय म्हणते, पाणी कधी बरं होईल? काय सांगू?

सदूमामा

———

पुणे, ११ जून २०१६

ती. मामांस सा. न.

आता सांगा. माझं नाव घेऊन सांगा.

हापशाचे पाच आकडे एकाखाली एक मांडलेत: ९०, ६१, ३४, १२, ४. मी भिंतीवर लावलेत. मामा, असा उतार मी पुस्तकातसुद्धा पाहिला नव्हता. मधल्या शेतातला १८० वरून १७१ वरच अडकलाय आणि कुंपणाचा तर हललाच नाही, पण पाड्याजवळ शेणखताची, गोठ्यांची जमीन आहे, तिथे जिवाणू जास्त असणार. साहेबांनाही ते पटलं. एकदोन बारीक गोष्टी जुळत नाहीत, त्या पुढे बघू.

अहवाल काल गेला. हापशाचं पाणी आजच मर्यादेत आहे आणि बाकीचा पट्टा आठ वर्षांत साफ होईल, असं लिहिलंय. खाली माझी सही आहे. पहिल्यांदाच.

हिरीचं बाळ कसं आहे? शुक्रीआजींना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या बाटल्यांमुळे हे झालं.

मयूरी

———

चिखले, ४ डिसेंबर २०१६

चि. मयूरीस आशीर्वाद.

दिवाळीनंतर टँकर बंद झाला. पाटी लावलीय हापशावर: पाणी पिण्यास योग्य. पाटी लावायला आलेल्या माणसाने स्वतःची बाटली गाडीतून आणली होती, ते मी पाहिलं, पण ती सवय असते.

काकड्या म्हणाला, "वास तर येतो." पाटीवाला म्हणाला, "आजोबा, नाक मोठं की मशीन मोठी?" सगळे हसले. काकड्याही हसला आणि हंडा लावला. मीही वासाचं मनावर घेतलं नाही. जुन्या पाइपाला वास धरतो.

एक शुक्रीच तेवढी अजून ओहोळापलीकडच्या झऱ्यावर जाते, जायला अर्धा तास, यायला जास्त. स्वतःपुरतं एक मडकं आणते. बाकी सगळे पाटीवर विसंबून, हिरीचं, बाळाचंही हापशावरच. सांधे दुखतात त्या बाईचे, पण जुनं माणूस, पायाची सवय सुटत नाही.

बाळ चांगलं आहे. मुलगी आहे. नाव योगिता ठेवलंय.

सदूमामा

———

पुणे, ९ एप्रिल २०१७

ती. मामांस सा. न.

फार लिहीत नाही. मागच्या पेटीतली तिसरी बाटली मी पुन्हा तपासली. घाणीसाठी नाही, पाण्यातल्या साध्या क्षारांसाठी. प्रत्येक बोअरच्या पाण्याला खडकाची चव असते. तिसऱ्या बाटलीला ती नाही.

पुढच्या खेपेला तुम्ही स्वतः हापशाजवळ बसा. शुक्रीआजी बाटली कशी भरतात ते फक्त बघा. काही बोलू नका.

मयूरी

———

चिखले, २८ मे २०१७

चि. मयूरीस आशीर्वाद.

सकाळी सातला जाऊन पारावर बसलो. आठ वाजले, बाकीच्या बायका हापशावर हंडे भरून गेल्या, शुक्रीचा पत्ता नाही. साडेआठला शुक्री ओहोळाकडून आली, डोक्यावर मडकं. ओट्यावर बसली, तुझी बाटली आतून दोनदा विसळली आणि मडक्यातलं पाणी फडक्यातून गाळून तिच्यात भरलं. बुडबुडा राहिला म्हणून परत ओतून परत भरलं.

म्हटलं, हे काय? तिला कळेना मी कशाबद्दल विचारतो. मग म्हणाली, "शेट, पाहुण्याच्या हातात घाण पाणी कसं देऊ? तुझी भाची ते तोंडाला लावणार."

मी म्हटलं, अगं हे तपासायला जातं.

ती म्हणाली, "तपासायला तू दोन बाटल्या भरतोस ना? ही तर माझ्या दारची."

पोरी, अडीच वर्षं मी तिला कधी नीट सांगितलंच नाही. मला वाटलं, अडाणी बाई, तिला कशाला एवढं. पहिल्या दिवशी "भाचीकडे" म्हणालो, ते तिने धरलं. पहिल्या खेपेला तिने हापशाचंच पाणी रात्रभर मडक्यात उघडं ठेवून वास घालवला आणि दिलं. पुढच्या खेपेला त्यात थोडं झऱ्याचं घातलं. मग अर्धं. मग पुरतं झऱ्याचं. दर खेपेला तुझ्यासाठी आणखी चांगलं. तुझ्या भिंतीवरची रेघ म्हणजे शुक्रीचा पाहुणचार आहे.

मी ओरडलो नाही. ओरडायचं कुणावर?

सगळे सहा महिने ते पाणी प्यायलेत. हिरीचे डोळे पिवळे दिसतात. आज हापसा मी स्वतः अर्धा तास मारून बाटली भरली. पेटीत एकच आहे.

सदूमामा

———

पुणे, १५ जुलै २०१७

ती. मामांस सा. न.

आकडा १४०. सुरुवातीला ९० होता. उतरला नाही, वाढला.

दुसऱ्याच दिवशी मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, एका नमुन्यावर अहवाल फिरवत नाहीत, वर्षभर बघू. मी थांबले नाही. कचेरीला स्वतः पत्र लिहिलं, की माझा अहवाल चुकीचा आहे, टँकर सुरू करा. पोच मिळाली. साहेबांनी मला त्या कामावरून काढलं.

हिरीला डहाणूला मोठ्या दवाखान्यात न्या. हापशाची पाटी कुणी काढत नसेल तर तुम्ही काढा.

आता जे विचारते त्याचं उत्तर कानाने नको. बंद कारखान्याच्या उताराला आकडा वाढतो, तो आत काही ओतलेलं असल्याशिवाय नाही. नाल्याने असं होत नाही. खोल गेलेलं आहे, कुणीतरी वाट करून दिलेली आहे. आणि तुमच्या पहिल्या पत्रात आहे, की २००९ पर्यंत त्या बाजूच्या खडकाला तुमच्याशिवाय दुसऱ्याची गाडी लागली नाही.

मयूरी

———

चिखले, ९ डिसेंबर २०१८

चि. मयूरीस आशीर्वाद.

तुझी तीन पत्रं पेटीत पडून आहेत. दीड वर्ष झालं. ताई मला विचारते, मयूरीशी भांडलास का?

हिरी यंदा श्रावणात गेली. डहाणूला नेलं होतं, पुढे गुजरातेतही नेलं. कागदावर कावीळ आहे. पाण्याने की आणखी कशाने, ते कुणी लिहून दिलं नाही आणि देणारही नाही. पाटी मी काढली होती, कुणीतरी पुन्हा लावली. दिवसकार्य झाल्यावर शुक्रीने विचारलं, "शेट, मी बाटलीत घाण भरली असती तर टँकर राहिला असता ना?" मी म्हटलं, तसं काही नाही. चहा झाल्यावर तिने तेच पुन्हा विचारलं.

गेला महिनाभर इकडे जमीन हलतेय, पेपरात वाचलं असशील. तलासरीकडचे लोक घराबाहेर झोपतात. धक्क्याच्या आधी खालून आवाज येतो, सुरुंग उडावा तसा. सगळे घाबरतात, पण माझ्याइतका तो आवाज कुणी ऐकत नसेल.

तर ऐक. २००७ साली कारखान्याच्या आत मी चार बोअर मारल्या. तीनशे-तीनशे फूट, काळ्या पाषाणातल्या भेगेपर्यंत. पावसाचं पाणी जिरवायचंय म्हणाले. मे महिन्यात मारल्या, तेव्हा पाऊस लांब होता. शेवटच्या दिवशी मी पान्हे गोळा करत होतो आणि मागे पहिल्या बोअरमध्ये काहीतरी ओतायला लागले होते. पाणी खोल पडतं तेव्हा वाजतं, मयूरी, खणखणतं. हे वाजलं नाही. जड गेलं, गपगप. मी मान वळवली नाही. गाडी सुरू केली, म्हणजे दुसरं काही ऐकू येऊ नये. त्या कामाच्या पैशांवर मी दुसरी गाडी घेतली आणि तिच्यावर तुझ्या आईचं नाव रंगवलं, हिरकणी.

"माझ्या कानावर नाही" असं तुला लिहिलं ते याच कानांनी.

कुठे काय सही करायची ते लिहून पाठव. आज त्या जागेवर गोदाम आहे, सिमेंटची जमीन, बोअर खाली कुठेतरी. मालक कोण, कुणाला विकलं, गोदामाच्या वॉचमनला ठाऊक नाही.

सदूमामा

———

पुणे, १७ फेब्रुवारी २०१९

ती. मामांस सा. न.

तुमचा जबाब माझ्या टिपणासह कचेरीत दिला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: नोंद घेण्यात आली आहे. टँकरचं विचारलं तर म्हणाले, जुन्या अहवालात पाणी योग्य आहे, तो कंपनीने मागे घेतलेला नाही. कंपनी मागे घेणार नाही. मी आता तिथे नाही, एका कॉलेजात शिकवते.

मीही तुमच्यापासून एक लपवलं होतं. ते क्षार मला २०१६ मध्येच जुळत नव्हते, अहवाल जायच्या आधी. "एकदोन बारीक गोष्टी" लिहिलं होतं ना, त्या याच. मी पावसाचं पाणी मुरलं असेल असं समजून पुढे गेले. रेघ इतकी सुंदर होती. तेव्हा सगळं शुक्रीआजींवर ठेवू नका, आणि सगळं स्वतःवरही नको. हिरीच्या जाण्यातला अर्धा वाटा माझा आहे.

चार बोअर धरून गणित पुन्हा केलं. तीनदा केलं. आजपासून वरून एक थेंबही पडला नाही, तरी भेगांत बसलेलं झिरपत राहणार. तीनशे वर्षं. पन्नास इकडे-तिकडे. सिमेंट फोडून उपसलं तर कमी होईल, पण ते कोण करणार, हे मला कुठल्याच गणितात मांडता येत नाही.

त्यांना झऱ्याचंच पाणी प्यायला सांगा. झरा दुसऱ्या बाजूचा आहे, उताराला नाही. तेवढा एक वाचलाय.

रिकामी पेटी पाठवते. आता नमुने नकोत, पण ती तुमच्या घरची झाली आहे.

मयूरी

———

चिखले, २ जून २०१९

चि. मयूरीस आशीर्वाद.

काल चिंचपाड्याला गेलो होतो. दर शनिवारी जातो, हिरकणीवर वीस कॅन पाणी घालून. बोअरच्या गाडीवरून पाणी उतरताना बघून काकड्या म्हणतो, "शेट, उलटा धंदा काढलास." सहा घरं बंद आहेत. पोरीला घेऊन लहान्या उंबरगावकडे बोटीवर कामाला गेला, योगिता तिथे मावशीकडे असते. शुक्री आहे. ती म्हणाली, माझी माणसं इथे पुरलीत, मी कुठे जाऊ.

तिला तुझा आकडा सांगितला. तिला वर्षं मोजता येत नाहीत, ती पिढ्या मोजते. बोटं घेऊन बसली: मी, लहान्या, योगिता, योगिताचं पोर, त्या पोराचं पोर. एक हात संपला तसं विचारलं, "अजून किती?" म्हटलं, दोन्ही हात संपतील. तिने बोटं मिटून मांडीवर ठेवली.

मग बोअरचं सांगितलं. चारही. कधी मारल्या, काय ऐकलं, सगळं. गाडीवरच्या नावाचंही. मला वाटलं, शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाली, "म्हणजे बाटलीचं माझं नव्हतं." म्हटलं, नव्हतं. "हे तू तेव्हा सांगायचं होतंस, शेट. एवढे महिने मी ते डोक्यावर वाहिलं."

मी निघालो तर म्हणाली, थांब. आत गेली. तुझी जुनी बाटली तिने जपून ठेवली होती. मडक्यातून गाळून भरली, बुडबुडा काढला, ओलं फडकं गुंडाळलं. "पेटी रिकामी आली होती ना? तशी परत पाठवू नको. हे झऱ्याचं आहे, सकाळी आणलंय. भाचीला सांग, आता तपासायचं नाही. प्यायचं."

घरी आल्यावर मी बाटली उघडली. मयूरी, मला ऐकायला जेवढं येतं तेवढा वास येत नाही, वय झालं. म्हणून ताईला हुंगायला दिली. काही न सांगता दिली. ती म्हणाली, "सदू, यात काय गोड घातलंयस?"

जमीन हलल्यामुळे नवी भेग पडली की आधीपासूनच होतं, ते तू सांग. मी काल परत निघालो तेव्हा शुक्री मडकं घेऊन ओहोळाच्या वाटेला लागली होती. तिला अजून काही बोललो नाही.

बाटली पेटीत ठेवलीय, बर्फ भरपूर आहे. चिकू घातलेले नाहीत. आकडा आला की तिला काय सांगायचं ते तूच लिही, सोप्या भाषेत. या वेळी ओट्यावर बसून मी ते पत्र तिला शब्दन् शब्द वाचून दाखवीन.

सदूमामा